निरोगी कातडीची वेदना

शरीराच्या एका भागावरील निरोगी त्वचेचा पातळ थर काढून तो दुसऱ्या भागावरील उघड्या जखमेवर बसवण्याच्या शस्त्रक्रियेला त्वचारोपण म्हणतात. थर जिथून काढला जातो ते दातृस्थान आणि जिथे तो बसवला जातो ते ग्राहकस्थान. एक जखम भरण्यासाठी दुसरी जखम हेतुपुरस्सर करणे ही या शस्त्रक्रियेची अटच आहे, आणि पुष्कळदा ही दुसरी जखमच रुग्णाला अधिक छळते. जुन्या जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार ऊतींचा जो थर तयार झालेला असतो त्यात संवेदनातंतू विरळ असतात, तर मांडीवरची कातडी निघाली की खालच्या थरातील असंख्य तंतूंची टोके एकाच वेळी उघडी पडतात. म्हणून त्वचारोपणातील भुलीचा प्रश्न मुख्यतः निरोगी मांडीचा प्रश्न असतो. मणक्यात औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर करावा, रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करावे, सुईने तेवढीच जागा बधिर करावी, की कातडीवर नुसते मलम लावून ती बधिर होण्याची वाट पाहावी, याविषयी शस्त्रक्रिया करणारे आणि भूल देणारे यांच्यात जुना मतभेद आहे.

जालना जिल्ह्यात या मतभेदाला अधिक धार येते. 1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि मोसंबीच्या शेतांत अनवाणी पायांनी काम करणारी माणसे सर्पदंशाला बळी पडतात, आणि घोणस किंवा नाग चावल्यावर जीव वाचला तरी दंशाभोवतीची कातडी अनेकदा सडून जाते. शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळ्या ओतणाऱ्या भट्ट्यांजवळ भाजण्याचा धोका रोजचा असतो. आणि मधुमेहाने चिघळलेले पाय तर प्रत्येक तालुक्यात आहेत. गुंतागुंतीचा रुग्ण सुमारे 60 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे पाठवण्याची रीत जुनी आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्रातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकत्र उद्घाटन झाले त्यांत जालन्याचे महाविद्यालय होते, ही गोष्ट जिल्ह्यासाठी मोठी आहे. परंतु त्यात प्रवेश घेणारा विद्यार्थी साडेपाच वर्षांनी पदवीधर होईल आणि भूलशास्त्राचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण त्यानंतर घेईल, तोपर्यंत तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञाची वाट पाहणे चालूच राहणार आहे.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती प्रातिनिधिक आहेत: एक तालुक्याच्या गावी दीर्घकाळ काम केलेले शल्यचिकित्सक, दुसऱ्या, शहरातून बोलावल्यावर जाणाऱ्या भूलतज्ज्ञ. त्यांच्यासमोरचा रुग्णही गृहीत धरलेला आहे. घनसावंगी तालुक्यातील एक चाळिशीतील शेतमजूर स्त्री, डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला घोणस चावलेली. मृत कातडी काढून टाकल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात जखम स्वच्छ आणि लाल झाली असून तिचे क्षेत्रफळ सुमारे 120 चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रौढ माणसाच्या बोटांसह तळहातापेक्षा थोडे कमी आहे.

शल्यचिकित्सक : मॅडम, या बाईंच्या मांडीवरून जो थर काढायचा आहे तो 0.2 ते 0.4 मिलिमीटर जाडीचा असेल, आणि त्याला बारीक छिद्रे पाडून जाळीसारखा ताणला तर 80 चौरस सेंटिमीटर कातडी पुरेल. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे मलम एक तास ठेवले तर सुमारे 2 मिलिमीटर खोलीपर्यंत आणि दोन तास ठेवले तर सुमारे 3 मिलिमीटरपर्यंत वेदना नाहीशी होते. म्हणजे सुरी जिथवर जाणार आहे त्याच्या कितीतरी खाली बधिरता पोचलेली असते. मग एवढ्या कामासाठी मणक्यात सुई घालण्याचे, रुग्णाला उपाशी ठेवण्याचे आणि आपल्या येण्याचा दिवस ठरेपर्यंत तयार झालेली जखम उघडी ठेवण्याचे कारण काय?

या युक्तिवादाचे बळ समजण्यासाठी मलमाची घडण पाहिली पाहिजे. कार्ल कोलर याने 1884 मध्ये कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवले आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. पण डोळ्याच्या ओल्या पृष्ठभागावर जे साधले ते अखंड कातडीवर साधायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. कातडीच्या सर्वांत वर मृत पेशींचा शृंगस्तर असतो. तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो, तरी पाण्यात विरघळलेल्या औषधाला तो जवळजवळ पूर्ण अडवतो. नील्स लोफग्रेन याने 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार केलेले लिडोकेन सुईने उत्तम काम करत असे, वरून चोळून मात्र नाही. स्निग्ध पदार्थात घातलेले औषध पुरेशा तीव्रतेने राहत नसे, आणि घन स्फटिक कातडीत शिरत नसत. लिडोकेन सुमारे 68 अंश सेल्सिअसला वितळते, प्रिलोकेन सुमारे 38 अंशांना. दोन्ही समान प्रमाणात मिसळली की मिश्रण सुमारे 18 अंशांनाच द्रव होते. ज्या मिश्रणाचा वितळबिंदू त्याच्या दोन्ही घटकांपेक्षा खाली उतरतो त्याला द्रवणक्रांतिक मिश्रण म्हणतात. अशा तेलकट द्रवाचे सूक्ष्म थेंब पाण्यात घुसळून मलम केले की संपूर्ण मलमात औषध 5 टक्केच असते, पण प्रत्येक थेंबात ते सुमारे 80 टक्के असते, आणि हा तीव्र थेंब शृंगस्तर ओलांडतो. 1980च्या दशकात स्वीडनमधून पुढे आलेले हे मलम रसायनशास्त्राने रुग्णाला दिलेली फार मोलाची देणगी आहे, आणि शल्यचिकित्सक तिच्याविषयी आस्थेने बोलतात ते योग्यच आहे.

भूलतज्ज्ञ : सर, आपले आकडे बरोबर आहेत, पण ते आकडे मलम ठरल्याप्रमाणे लागले असेल तेव्हाचे आहेत. त्वचारोपणासाठी दर 10 चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन ग्रॅम मलमाचा जाड लेप लागतो, तो चोळायचा नसतो, त्यावर हवाबंद पारदर्शक पट्टी लावावी लागते आणि मांडीवर तो किमान दोन तास राहावा लागतो. सकाळच्या गर्दीत तो नऊ वाजता लागला की साडेनऊला, हे केसपेपरवर लिहिलेले नसते. रुग्ण उठून स्वच्छतागृहात गेला की पट्टीची कड सुटते. आणि ऐंशी चौरस सेंटिमीटरची पट्टी काढायची तर लेप तेवढ्याच जागेवर असून भागत नाही, चारही बाजूंनी बोटभर अधिक असावा लागतो, कारण सुरी शेवटच्या टोकाशी थोडी सरकली तर ती बधिर न झालेल्या कातडीत शिरते. त्या क्षणी रुग्ण मांडी आखडतो, आणि 0.3 मिलिमीटरची पट्टी काढणारी सुरी एकदम खोल जाते. वेदनेचा तो एक क्षण दातृस्थानावर जन्माचा व्रण ठेवून जातो.

शल्यचिकित्सक : हा दोष मलमाचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था सुधारता येते. लेप लावल्याची वेळ पट्टीवरच शाईने लिहायची, परिचारिकेने तासाने पाहायचे, कातडी आधी फिकट पांढरी पडली आहे की नाही हे तपासायचे, आणि सुरी लावण्यापूर्वी टोकदार सुईने चारही कोपऱ्यांत टोचून पाहायचे. रुग्णाला टोचल्याचे कळले तर थांबायचे, सुईने तेथे औषध द्यायचे. आधीच बऱ्यापैकी बधिर झालेल्या कातडीत ती सुई फारशी दुखत नाही. शिवाय मणक्यातील भुलीला पर्याय शोधण्याचे कारणही या रुग्णातच आहे. घोणशीचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, आणि रक्त गोठत नसताना मणक्यात सुई घालणे म्हणजे तेथे रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका पत्करणे.

भूलतज्ज्ञ : पहिल्या आठवड्यात हे खरे असते, तिसऱ्या आठवड्यात नसते. प्रतिविष दिल्यानंतर रक्ताची गोठणक्षमता सहसा काही दिवसांत पूर्ववत होते, आणि जखम रोपणाला तयार होईपर्यंत ती अडचण बहुधा उरलेली नसते. तरी तपासणी करूनच सुई घालायची असते, आणि तपासणी सामान्य आली तर आपला हा आक्षेप टिकत नाही. घोणशीच्या दंशात त्यानंतरही ज्याची काळजी करावी लागते ते मूत्रपिंड. ते दुखावलेले असेल तर शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या दाहशामक वेदनानाशक गोळ्या देता येत नाहीत, आणि तेव्हा मांडीची वेदना कशाने शमवणार हा प्रश्न मणक्याच्या सुईपेक्षा अवघड आहे.

येथे भूलतज्ज्ञांची बाजू निश्चितपणे वरचढ ठरते. तथापि त्यांनीही एक गोष्ट मान्य केली की मणक्यातील भूल आणि मलम या दोनच वाटा आहेत असे मानण्याची चूक दोन्ही बाजूंकडून होते. मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी एका वेगळ्या संवेदी चेतातंतूकडे असते. जांघेजवळ त्या चेतेभोवती औषध सोडले की केवळ तेवढीच बाजू बधिर होते, पायाची ताकद जात नाही आणि रक्तदाबही उतरत नाही. दुसरी वाट म्हणजे लिडोकेन आणि ॲड्रेनलीन यांचे फार विरल द्रावण मोठ्या प्रमाणात कातडीखाली भरणे. त्याने जागा फुगून टणक होते, रक्तस्राव घटतो आणि सुरीही समान चालते. शल्यचिकित्सकांनी यावर उत्तर दिले की दुसरी वाट त्यांच्या हातची आहे, पहिलीसाठी मात्र पुन्हा भूलतज्ज्ञच लागतो. आणि मलमाचा सर्वांत चांगला उपयोग कदाचित हाच, की द्रावण भरण्यासाठी जी दहा-पंधरा वेळा सुई टोचावी लागते तिची वेदना त्याने नाहीशी होते. हा मुद्दा वादात जाता जाता आला, तरी लहान रुग्णालयासाठी तो सर्वांत व्यवहार्य आहे.

भूलतज्ज्ञ : मलम निरुपद्रवी आहे, म्हणून ते लावताना भूलतज्ज्ञ नको, ही समजूत अधिक धोकादायक आहे. प्रिलोकेन शरीरात विघटित होताना जे द्रव्य तयार होते ते हिमोग्लोबिनमधील लोहाची अवस्था बदलते. अशा बदललेल्या हिमोग्लोबिनला मेथेमोग्लोबिन म्हणतात आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त चॉकलेटी रंगाचे होते, ओठ निळसर होतात, पण सावळ्या माणसात हा निळेपणा लवकर ओळखू येत नाही. बोटाला लावलेले प्राणवायूमापक यंत्र 85च्या आसपास अडकून बसते, आणि नळीतून कितीही प्राणवायू दिला तरी आकडा वर जात नाही. हे ठाऊक नसलेला माणूस यंत्र बिघडले असे समजतो.

शल्यचिकित्सक : अखंड कातडीतून औषधाचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो, आणि या बाईंना लागणारे मलम सुमारे 15 ग्रॅम, कडा धरून 20 ते 25 ग्रॅम आहे. निरोगी प्रौढात एवढ्याने हा विकार होणे फारच दुर्मीळ.

भूलतज्ज्ञ : निरोगी प्रौढात, हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. कुष्ठरोगाच्या बहुऔषध उपचारातील डॅप्सोन हे औषध स्वतःच मेथेमोग्लोबिन वाढवते. सल्फा गटातील औषधेही वाढवतात. कुष्ठरुग्णाच्या पायावर व्रण पडून रोपणाची वेळ येते तेव्हा पायाला संवेदना नसते, पण मांडीला ती पूर्ण असते, म्हणून मांडीला मलम लावण्याचा मोह होतो, आणि तो रुग्ण डॅप्सोन घेत आहे हे त्याच्या जुन्या कागदावरच असते. जन्मजात जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यांना धोका अधिक, आणि मेथेमोग्लोबिन वाढल्यावर दिले जाणारे मिथिलीन ब्लू हे औषधही त्यांना चालत नाही. मलम लावण्याआधी विचारायचे प्रश्न भूलतज्ज्ञाचे आहेत, मग ते कोणीही विचारोत. आणि हे मलम ताज्या भाजलेल्या किंवा सोललेल्या जागेवर कोणी लावू नये. शृंगस्तर नसेल तर औषध अडवायला काहीच नसते.

शल्यचिकित्सक : पायाच्या जुन्या व्रणाची साफसफाई करण्यापूर्वी ते लावण्याची मुभा आहे.

भूलतज्ज्ञ : आहे, दहा ग्रॅमपर्यंत आणि अर्धा ते एक तास. ती मर्यादा मोजून दिलेली आहे म्हणूनच ती मुभा आहे.

यानंतर वाद अनुभवाच्या प्रामाण्यावर गेला, आणि तेथे जालन्याचा स्वतःचा इतिहास पुढे आला. शल्यचिकित्सकांनी म्हटले की लहान रोपणे त्यांनी मलमावर वर्षानुवर्षे केली आणि कोणालाही अपाय झाला नाही. थर काढण्याचे काम तर सराव असलेल्या हाताला काही मिनिटांचेच असते. भूलतज्ज्ञांनी उत्तरादाखल दोन प्रसंगांचा उल्लेख केला. पहिला असईच्या लढाईचा. आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील या गावाजवळ 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याशी गाठ पडली, तेव्हा इंग्रजांकडील जखमींची संख्याच अकराशेच्या वर होती. ईथरच्या भुलीचे बोस्टनमधील जाहीर प्रात्यक्षिक 16 ऑक्टोबर 1846 चे. असईच्या जखमींचे हातपाय त्यापूर्वी त्रेचाळीस वर्षे, जागेपणीच कापले गेले. त्या काळी सर्जनाचा मोठा गुण वेग हाच होता, कारण वेदना कमी करण्याचे दुसरे साधन त्याच्याजवळ नव्हते. काही मिनिटांचे काम आहे हा युक्तिवाद त्या काळाचा अवशेष आहे, असे भूलतज्ज्ञ म्हणाल्या, आणि हे वाक्य कठोर असले तरी ते मागे घ्यावे असे त्यांना वाटले नाही.

दुसरा प्रसंग हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगाचा. जालना 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, त्यामुळे भुलीच्या जागतिक इतिहासातील हा अध्याय जालनेकरांना परका नाही. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांची खात्री होती की क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे. म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीची चिंता करू नये. ही खात्री त्यांना मोठ्या अनुभवातून आली होती. निजामाच्या खर्चाने 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले, दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने निघाला. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादेत लॉरी यांच्याकडे शिकल्या. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल अपुरी, हलकी असताना हृदयाची लय अचानक कोसळू शकते. ज्यांच्या हाती सगळे सुरळीत झाले त्यांच्या अनुभवात हे दिसलेच नव्हते. भूलतज्ज्ञांच्या मते अपाय न पाहिलेला माणूस अपाय होत नाही याचा साक्षीदार ठरू शकत नाही. मात्र लॉरी यांच्या आग्रहामुळे श्वासाकडे सतत पाहण्याची शिस्त भूलशास्त्रात रुजली, हेही तितकेच खरे असल्याचे त्यांनी सांगितले. चुकीच्या सिद्धांतातूनही चांगली सवय लागू शकते, आणि मलमाचा आग्रह धरणाऱ्या शल्यचिकित्सकांमुळे परिचारिका वेळ लिहू लागल्या तर त्याचे स्वागतच आहे.

शल्यचिकित्सक : इतिहासाची दुसरी बाजूही पाहू. पुण्यात 1793 च्या सुमारास कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून घडवले गेले, आणि त्या शस्त्रक्रियेचे वर्णन 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आले. तेथे कातडी मुळापासून तोडलेली नव्हती, तिचा रक्तपुरवठा एका देठातून चालू ठेवला होता, म्हणून त्याला आजच्या अर्थाने रोपण म्हणता येणार नाही. पण ते काम करणारा माणूस राजवैद्य नव्हता, विटा बनवणाऱ्या जातीतला होता. कौशल्य दरबाराच्या आणि शहराच्या बाहेरही असते. तालुक्याच्या रुग्णालयात जे होऊ शकते ते तेथे होऊ दिले नाही, तर गरीब रुग्ण शहरात जात नाही. तो घरी जातो. तीन आठवडे मजुरी बुडालेली बाई पुढच्या आठवड्याच्या तारखेसाठी पुन्हा येईलच असे कोण सांगणार? जखम उघडी राहते, ती आकसून भरते, पावलाचा वरचा भाग ओढला जातो आणि बोटे वर उचलली जातात. आदर्श भुलीची वाट पाहताना पाऊल वाकडे झाले, तर ती सुरक्षितता कोणाच्या उपयोगाची?

या प्रश्नाला भूलतज्ज्ञांकडे पूर्ण उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते असल्याचे भासवले नाही. जखम तयार असताना रोपण लांबणीवर टाकण्याची किंमत भूलशास्त्राच्या हिशेबात सहसा धरली जात नाही. ती धरली पाहिजे, आणि धरली तर या विशिष्ट रुग्णासाठी, म्हणजे निरोगी प्रकृती, ऐंशी चौरस सेंटिमीटरचे दातृस्थान, पातळ थर आणि मोजता येईल असा वेळ या अटींत, मलम आणि त्याच्या जोडीला विरल द्रावण हा मार्ग समर्थनीय ठरतो, शिरेत सुई लावलेली, प्राणवायूमापक बोटाला आणि श्वास देण्याची साधने हाताशी असतील तर. क्षेत्र दुपटीने वाढले, पूर्ण जाडीची कातडी हवी असली किंवा दोन्ही पायांवर काम असले की हा मार्ग संपतो. कोडाच्या पांढऱ्या डागांवर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे ठिपके बसवण्याच्या किंवा निर्वात पेल्याने उठवलेल्या फोडाचा पापुद्रा लावण्याच्या शस्त्रक्रियेत तर मलमावरून वाद करण्याचेही कारण नाही. तेथे क्षेत्र लहान, थर पातळ आणि रुग्ण बहुधा निरोगी असतो.

लहान मुलांविषयी मात्र एकमत झाले नाही. शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे की आई जवळ असेल आणि वेदना नसेल तर चार-पाच वर्षांचे मूलही शांत राहते. भूलतज्ज्ञांनी आधी मात्रा मांडली: दहा किलोपेक्षा अधिक वजनाच्या, सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकूण 10 ग्रॅमच मलम चालते, म्हणजे रोपणासाठीच्या जाड लेपाने जेमतेम 50 ते 60 चौरस सेंटिमीटर झाकली जातात. त्यानंतर त्यांनी सांगितले की भाजलेले मूल आधीच कित्येक ड्रेसिंग सोसून आलेले असते आणि पांढरा कोट दिसताच थरथरते; त्याच्या मांडीवर चकचकीत सुरी फिरताना त्याला जागे ठेवणे, मग ते दुखो वा न दुखो, योग्य नाही. त्यासाठी केटामिन आहे, ते देणारा माणूस असला पाहिजे, आणि तो नसेल तर मुलाला 60 किलोमीटर न्यावे. शल्यचिकित्सकांना हे पटले नाही. या एका मुद्द्यावर प्रस्तुत लेखनाचा कल स्पष्टपणे भूलतज्ज्ञांच्या बाजूला आहे, कारण वेदना आणि भीती यांची विभागणी प्रौढांनी केलेली आहे, मुलाला ती ठाऊक नसते.

एवढा वेळ ज्यावर वाद चालला तो शस्त्रक्रियेचा एक तास होता. मलमाचा परिणाम लेप काढल्यावर दोन-एक तास टिकतो, मणक्यातील भूल त्याहून थोडी अधिक. दातृस्थान भरायला मात्र दहा ते चौदा दिवस लागतात. केसांच्या मुळांभोवती आणि घामाच्या ग्रंथींत उरलेल्या पेशी वाढत वाढत पृष्ठभागावर येतात आणि नवी कातडी घडवतात; तोपर्यंत उघड्या तंतूंना हवेची झुळूकही सोसत नाही. पावलावर बसवलेली कातडी पहिले दोन दिवस खालच्या द्रवावर जगते, मग तिच्या केशिका जुळतात, पाचव्या दिवशी डॉक्टर पट्टी उघडून ती धरली की नाही हे पाहतात आणि समाधान पावतात. रुग्ण त्याच वेळी मांडीकडे बोट दाखवत असतो. जखमेपेक्षा मांडीच जास्त दुखते ही तक्रार त्वचारोपणाच्या प्रत्येक वॉर्डात ऐकू येते, आणि ती तक्रार म्हणून नोंदवली जात नाही, हा या विषयातील खरा दोष आहे. मलम की मणका या वादात दोन्ही बाजूंनी जी बुद्धी खर्च केली तिचा निम्मा भाग या दहा दिवसांवर खर्च झाला असता, तर घनसावंगीच्या त्या बाईला तिचा अधिक लाभ झाला असता.

भूलतज्ज्ञ : दातृस्थानावर पट्टी लावण्यापूर्वी ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या विरल द्रावणात भिजवलेला गॉज काही मिनिटे ठेवता येतो. उघड्या जागेतून औषध झपाट्याने शोषले जाते, म्हणून किलोमागे दोन मिलिग्रॅमची मर्यादा धरायची आणि आधी सुईने दिलेले लिडोकेनही त्या हिशेबात घ्यायचे. पुढे मूत्रपिंड दुखावलेले असेल तर पॅरासिटामॉल, आणि ते दुखल्यावर देण्याऐवजी ठरलेल्या वेळांना. सर, हे आपल्या रुग्णालयात आजही होऊ शकते, यासाठी कोणीही शहरातून यावे लागत नाही.

शल्यचिकित्सक : होऊ शकते, आणि होत नाही हे मान्य आहे. पॅराफिन लावलेला गॉज सुकून मांडीला चिकटतो, तो चौथ्या दिवशी कोणीतरी बदलायला म्हणून ओढतो आणि नव्याने आलेली कातडी त्यासोबत निघते. तो आपोआप सुटेपर्यंत ओढू नये, फक्त वरचा कापूस बदलावा, एवढे तरी प्रत्येक ड्रेसिंग करणाऱ्याला सांगितलेच पाहिजे. आणि दातृस्थान कुठे घ्यायचे हेही आधी रुग्णाला विचारले पाहिजे. निंदणीला उकिडवे बसणाऱ्या बाईच्या मांडीच्या पुढच्या बाजूला जखम केली तर ती दर बैठकीला ताणते आणि लुगड्याला घासते. बाहेरच्या वरच्या बाजूला केली तर कमी.

भूलतज्ज्ञ : त्या बाजूची चेता बधिर करणेही सोपे.

शल्यचिकित्सक : मग पुढच्या वेळी आपण ती कशी करायची ते येथे दाखवावे. आणखी एक अडचण आहे. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पाचव्या दिवशी पाऊल ठीक दिसले की नवरा-बायको निघण्याच्या घाईत असतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि मांडी अजून ओली असते.

भूलतज्ज्ञ : तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच निघण्याची तारीख विचारावी, आणि ती जवळ असेल तर चौदा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या, जास्तीचे ड्रेसिंगचे सामान आणि मांडीची पट्टी ओढू नये ही सूचना ठळक मराठीत लिहून, कारखान्याच्या गावातील आरोग्य केंद्राला दाखवता येईल अशा कागदावर द्यावी. त्या कागदावर मलम किती ग्रॅम लावले, किती वाजता लावले आणि रुग्ण डॅप्सोन घेत नाही ना, हेही असावे.

शल्यचिकित्सकांनी ते मान्य केले, आणि कागदाचा मसुदा करताना त्यांनी त्यात एक ओळ स्वतःहून घातली: मांडी किती दुखते, हे पाचव्या दिवशी पाऊल पाहण्यापूर्वी विचारावे.